चंदा मरते की नाही

मुरुम,
१२ नोव्हेंबर १९४५

प्रिय गफार,

तुझं पत्र पोचलं. पाकीट नेहमीसारखं आधी फोडून मग खळ लावून चिकटवलेलं होतं. खळ इतकी ओली होती, की पहिल्या ओळीतला तुझा सलाम पुसून गेला. तेव्हा तुझं पत्र माझ्याआधी इथले निजामी पोलिसांचे अमीनसाहेब वाचतात, हे धरूनच लिहीत जा. मीही तसंच लिहितो. साहेब, नमस्कार.

तू सोलापुरात, इंग्रजी मुलखात बसून विचारतोस, "कसं चाललंय?" जिभेला टाके घातल्यासारखं चाललंय. वाचनालयासमोर मी जे बोललो त्यावरून माझ्याकडून वर्षाचा मुचलका लिहून घेतला, हे तुला ठाऊक आहेच. भाषण करायचं नाही, परवानगीवाचून गाव सोडायचं नाही. मोडला तर मी तुरुंगात, आणि जामीन राहिलेले अप्पाही गोत्यात. बाप असून अप्पा रागावत नाहीत. माझं तोंड उघडलं की ते नुसते माझ्या ओठांकडे बघतात. जांभई द्यायचीसुद्धा चोरी झाली आहे.

पण गफार, बंदी भाषणाला आहे. सिनेमा सांगायला बंदी कुठं आहे? गावात थिएटर नाही, तंबूचा सिनेमा उरुसाला आला तर आला. म्हणून बाजारच्या दिवशी ऊन कललं, की तेलघाण्यासमोर उभा राहून मी तुझ्या पत्रातला बोलपट सांगतो. माणसं मावत नाहीत. बायका घाण्याच्या भिंतीशी बसतात आणि तुझी अम्मी, शरिफाबी चाची, दारातल्या पडद्याआडून ऐकते. अमीनसाहेब शिपायाकडून खुर्ची आणवून सगळ्यांच्या पुढं बसतात. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "सिनेमा असेल तर चालू द्या. मलाही सोलापूरला जायला रजा कुठं मिळते!" मला गळा नाही, म्हणून गाण्याच्या जागी मी "इथं एक गाणं आहे" एवढंच म्हणतो. त्यावर मात्र साहेब फार चिडतात.

मागच्या बाजारी "नागलोकीची सून" सांगितली. माझं मत विचारशील, तर असल्या बोलपटांनी आपल्या लोकांचं वाटोळं केलं. सुनेला छळणारी सासू घरात समोर बसलेली, आणि तिला सोडवायला नाग पाताळातून येणार! तोवर शेजारीपाजारी काय करत होते? काहीतरी दमदार पाठव. जीव नुसता तडफडतोय.

तुझा,
पंचाक्षरी

* * *

सोलापूर,
२४ नोव्हेंबर १९४५

दोस्त पंचाक्षरी,

सलाम. या वेळी कागदाच्या मधोमध लिहिला आहे, पुसणार नाही.

शाळा सुटली, की मी थिएटरकडे वळतो. हेडमास्तरांना वाटतं, गफार मास्तर नमाजाला गेले. सध्या तीन खेळ लागले आहेत. एक दरोडेखोराचा. त्यात सगळ्यांत चांगलं काम घोड्यानं केलं आहे. नायक घोड्यावर बसला की बरा दिसतो, उतरला की काय करावं त्याला कळत नाही. दुसरा कॉलेजातल्या प्रेमाचा. कॉलेजकुमार चाळिशीचा आहे. माझे काही विद्यार्थीही चाळिशीपर्यंत वर्गातच बसतीलसं वाटतं.

पण तिसरा! "नीलगढची चंदा". पंचाक्षरी, हा मी चारदा पाहिला. सांगतो, नीट ऐक, आणि जसा आहे तसा सांग.

डोंगरावर जमीनदाराचा महाल, खाली नदी. गावातल्या बायकांनी पाळीपाळीनं महालाला पाणी चढवायचं, फुकट. चंदा ही त्यातली एक. आजारी लेकराला घरात ठेवून ती घागरी वाहते. मधे विहिरीवरचं एक गाणं आहे. त्याबद्दल लिहिता येत नाही, ऐकावंच लागतं. दुष्काळ पडतो, नदी आटते, झऱ्याला तेवढं पाणी उरतं आणि जमीनदार त्यावर पहारा बसवतो. शेवटच्या रिळात चंदा भरलेली घागर डोक्यावर घेऊन पायऱ्या चढते. स्वतःचा घसा कोरडा, पण घागरीतला थेंब ती पीत नाही. वरच्या पायरीवर कोसळते. घागर फुटते. जमीनदार धावत येतो. आयुष्यात पहिल्यांदा तो स्वतः दुसरी घागर उचलून झऱ्यावर जातो, डोक्यावरून पाणी आणतो, तिच्या तोंडाला लावतो. पाणी ओठाच्या कडेनं गळून जातं. चंदा मेलेली असते. त्या ओघळावर चित्र थांबतं. वाजंत्री नाही, काही नाही.

थिएटरात पानाची पिंक टाकायलाही कोणी हललं नाही. माझ्या मते असा शेवट आपल्याकडे कोणी केलेला नाही. तुला पटणार नाही, मला ठाऊक आहे. पण मत वेगळं, गोष्ट वेगळी. मत तुझं, गोष्ट ज्याची त्याची.

अम्मीचा खोकला कसा आहे ते कळव.

तुझा,
गफार

* * *

मुरुम,
९ डिसेंबर १९४५

प्रिय गफार,

चाचीचा खोकला बरा आहे. ओव्याचा धूर घेते आहे.

चंदा सांगितली. असा बाजार मुरुमनं पाहिला नसेल! घाण्याचा बैल सोडून तेली येऊन बसला. दुष्काळ आला तेव्हा बायकांनी पदर तोंडाला लावले. पायऱ्या आल्या. चंदा चढते आहे, घसा कोरडा आहे. आणि गफार, माझ्या समोर पहिल्या रांगेत कडूबाई बसली होती. तिच्या टाळूवर केस नाहीत. घागरीच्या चुंबळीनं झिजले आहेत. अंमलदार दौऱ्यावर आले, की लाकूड, गवत, पाणी गावानं फुकट पोचवायचं. तिची पाळी कधी चुकत नाही.

त्या टाळूकडं पाहून मी म्हणू, की चंदा मेली आणि जमीनदाराला पाझर फुटला? मेलेल्या बाईच्या तोंडात पाणी घालणारा मालक तुला थोर वाटतो? मी पुष्कळ देशांचे इतिहास वाचले. कुठल्याही पानावर मला असा मालक भेटला नाही, की जो आपल्या माणसाचं मरण पाहून घागर उचलतो. तो दुसरी चंदा बोलावतो!

मी चंदाला मारलं नाही. ती वरच्या पायरीवर थांबली. तिनं घागर खाली ठेवली. खाली वळून पाहिलं, तर मागून येणाऱ्या प्रत्येकीनं आपापल्या पायरीवर घागर ठेवलेली. आणि त्या सगळ्या हात मोकळे सोडून घरी गेल्या. महालाला तहान लागली. जमीनदार एकटा उतरला, झऱ्यावर गुडघे टेकले आणि ओंजळीनं पाणी प्यायला. एवढंच.

टाळ्या पडल्या नाहीत. लोक बसूनच राहिले. अमीनसाहेब माझ्याकडं बराच वेळ बघत होते. मग खुर्ची तिथंच टाकून चालू लागले.

तुझा,
पंचाक्षरी

* * *

सोलापूर,
२० डिसेंबर १९४५

पंचाक्षरी,

तुझं पत्र वाचून शाळेत शिकवता आलं नाही. पोरांना कित्ता देऊन खिडकीशी उभा राहिलो.

तू जमीनदारापेक्षा वेगळा कसा? त्यानं चंदाच्या डोक्यावर आपली घागर ठेवली, तू तिच्या डोक्यावर तुझं भाषण ठेवलंस. ज्यानं तो बोलपट काढला, त्यानं तो ओघळ दाखवायला किती रात्री काढल्या असतील! बाईनं कॅमेऱ्यासमोर डोळा न हलवता मरून दाखवलं. ते सगळं तू एका बाजारी पुसून टाकलंस, कारण तुझी जीभ वळवळत होती. तुला बोलायचंच होतं तर स्वतःची गोष्ट रचायची होतीस. माझी चंदा कशाला?

मुरुममधली माणसं कधी सोलापूरला येऊन बोलपट बघणार नाहीत. त्यांना तू दाखवशील तीच चंदा. म्हणून तर जसंच्या तसं सांगणं भाग आहे. तू म्हणशील, गफारला लोकांची तहान कळत नाही. कळते. माझी अम्मी पडद्याआडून ऐकते, तिच्याही डोक्यावर ओझी होती. पण मरण ते मरण. ते खोडून लोक शहाणे होत नाहीत.

आणि तुझ्या मुचलक्याचं काय? अप्पांचा विचार केलास?

गफार

* * *

मुरुम,
३ जानेवारी १९४६

प्रिय गफार,

तू रागावलास ते वाचलं. उत्तर देण्याजोगं माझ्याकडं बरंच आहे, पण आता ते राहू दे.

मागच्या आठवड्यात अंमलदारांचा तळ गावाबाहेर पडला. सकाळी पाण्याची पाळी निघाली. कडूबाई पुढं होती. तंबूपाशी पोचली, घागर खाली ठेवली आणि हात मोकळे सोडून परत फिरली. मागच्या सगळ्या जणींनी जागच्या जागी घागरी ठेवल्या. वाटेवर भरलेल्या घागरींची रांग, आणि माणूस एक नाही. अंमलदारांच्या घोड्यांनी त्यात तोंडं घातली.

अमीनसाहेबांनी कडूबाईला चावडीवर बोलावलं. मलाही उभं केलं होतं.

"घागर का ठेवलीस?"

"चंदानं ठिवली, साहेब. म्या का मागं ऱ्हाऊ?"

"कोण चंदा?"

"आता ग! तुमीच तर खुर्ची टाकून ऐकत हुता की!"

शिपाई हसला, मग त्याला खोकला आला. साहेबांनी तिला जाऊ दिलं आणि माझ्याकडं वळले.

"पंचाक्षरी, मी वाचली तेव्हा चंदा मेली होती. तुमच्या तोंडून ऐकली तेव्हा जिती होती. वाटेत कुठल्या हकिमानं औषध दिलं तिला?"

त्यांनी दप्तर पुढं ओढलं.

"हे बघा. सिनेमात आहे ते सिनेमा. सिनेमात नाही ते भाषण. भाषणावर तुमचा मुचलका आहे. वरून मला विचारणा आलीय, की बायकांना कोणी शिकवलं. सिनेमानं शिकवलं असेल तर मी सिनेमा लिहितो. तुम्ही शिकवलं असेल तर तुमचं नाव लिहितो. महिनाअखेर कागद पाठवायचाय."

मी म्हणणार होतो, होय, मीच शिकवलं, आणि पुन्हा शिकवीन. शब्द दातापर्यंत आले होते. तेवढ्यात दारात अप्पा दिसले. जामीन म्हणून त्यांनाही बोलावलं होतं. पागोटं हातात घेऊन उभे होते. अप्पांना मी कधी बोडक्यानं कोणापुढं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

"मला आठवत नाही," मी म्हणालो. उभ्या जन्मात मला काही आठवलं नाही, असं झालेलं नाही.

तुला मी काही मागत नाही. तू लिहितोस ते खरंच लिहितोस, हे मुरुमला माहीत आहे, साहेबांनाही माहीत आहे. तसंच राहू दे. फक्त माझं काही झालं, तर अप्पांकडं चाचीनं लक्ष ठेवावं.

पंचाक्षरी

* * *

सोलापूर,
१४ जानेवारी १९४६

दोस्त पंचाक्षरी,

सलाम.

तुझी एक माफी मागायची आहे. "नीलगढची चंदा" मी चारदा पाहिला असं लिहिलं होतं. चारदा गेलो हे खरं. पण शेवटचं रीळ मी एकदाही पाहिलेलं नव्हतं. संध्याकाळची शिकवणी असते, म्हणून दर वेळी आधी उठून जावं लागलं. थिएटरात गाण्यांचं चोपडं मिळतं. त्यात गोष्ट दिलेली असते आणि ऐन शेवटाला छापतात, "पुढील हकीकत पडद्यावर पाहावी." मला ती पाहता आली नाही, म्हणून मी मनानंच रचली. चंदा मेली, जमीनदारानं पाणी आणलं, तो ओघळ वगैरे सगळं माझ्या डोक्यातलं. बोलपटात तसं काही नाही.

खरा शेवट आपल्या गावच्या विणकर हरिबानं तुला सांगितला. तो इथून सूत न्यायला आला होता, तेव्हा त्यानं खेळ पूर्ण पाहिला. बायका पायऱ्यांवर घागरी ठेवून जातात आणि जमीनदार ओंजळीनं पाणी पितो. काल मी मुद्दाम शिकवणी बुडवून पाहून आलो. अगदी तसंच आहे. शेवट फार चांगला आहे. माझा रचलेला शेवट त्याच्यापुढं अगदीच रडका होता. तुझ्यावर उगाच रागावलो.

इतरांना गोष्ट जशीच्या तशी सांगायला लावतो आणि स्वतः मात्र लबाडी केली. तू आणखी कोणाला सांगू नकोस.

गफार

* * *

सोलापूर,
२ फेब्रुवारी १९४६
(हरिबाच्या हाती. टपालानं नाही.)

दोस्त पंचाक्षरी,

आता कोणी वाचत नाही, म्हणून खरं लिहितो. ते माफीचं खोटं पत्र लिहायला मला जितका त्रास झाला, तितका कुठल्याही परीक्षेचा झाला नाही. "रडका" हा शब्द लिहिताना दौत दोनदा उपडी झाली. हरिबाला सगळं समजावलं आहे. त्यानं आयुष्यात थिएटर पाहिलेलं नाही; "मला गोष्ट तेवढी पाठ करून द्या" म्हणाला.

पण लिहायचं आहे ते दुसरंच. रविवारी दुपारी माझ्या दारात एक गृहस्थ आले. साधा कोट, पायांत धुळीचे पंपशू.

"गफार मास्तर तुम्हीच? अक्षरावरून वाटलं, जाडे असाल."

मी विचारलं, आपण कोण?

"तुमची पत्रं पहिल्यांदा मी वाचतो."

तुझे अमीनसाहेब! म्हणाले, "घाबरू नका, इथं माझी सत्ता नाही. इथं मी नुसता वली नावाचा माणूस. रजा टाकून आलोय. चंदा दाखवा."

काय करणार? गेलो. शेजारी शेजारी बसलो. त्यांना माझ्याविषयी सगळं ठाऊक. अम्मीचा खोकला, हेडमास्तर, नमाजाची थाप. "नमाजाचं खोटं सांगू नये," एवढं दटावून मग पडद्याकडं वळले.

विहिरीवरचं गाणं सुरू झालं. साहेब माझं मनगट धरून बसले. "असं असतं व्हय हे!" म्हणाले. "तुमचा तो पंचाक्षरी नुसता म्हणतो, 'इथं एक गाणं आहे.' त्याला याच्यासाठीच आत टाकला पाहिजे." अंधारात डोळे पुसत होते. दुष्काळ आला. झऱ्यावर पहारा बसला. मला माझं जानेवारीचं पत्र आठवलं. आता ती चढणार, आता कोसळणार, आणि साहेब महिनाअखेरचा कागद बदलून लिहिणार.

चंदानं पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि साहेब उठले.

मी म्हणालो, "साहेब, शेवट राहिला."

"वाचलाय मी. तुमच्या पत्रात."

"कुठल्या?"

"नंतरच्या. कागदावर नंतरचं तेच धरतात." आणि खाली वाकून कानात म्हणाले, "मास्तर, मला एक खोड आहे. डोळ्यांनी पाहिलं, की लिहावं लागतं."

सिनेमावेडा माणूस शेवट सोडून गेला, पंचाक्षरी! मला तर तिथून हलवेना. मी पूर्ण पाहिला. तो ओघळ पाहिला. या वेळी डोळ्यांत पाणी आलं नाही. चंदा एकेक पायरी चढत होती आणि मी मनात म्हणत होतो, ठेव, आता तरी ठेव. तुझ्या त्या कडूबाईनं माझा बोलपट नासवला.

बाहेर आलो. लोक डोळे पुसत निघत होते. साहेब थिएटरकडं पाठ करून शेंगा फोडत उभे होते. रडण्याचा आवाज ऐकून म्हणाले, "चांगलाच झालेला दिसतो शेवट." मला मूठभर शेंगा दिल्या आणि मोटारीकडं गेले.

तू सुटलास. माझ्या खोटेपणानं सुटलास. त्याच्या बदल्यात एक मागतो. एकदा, फक्त एकदा, मुरुममध्ये चंदाला तिच्या मरणानं मरू दे. माझं नाव घालून सांग, गफारनं रचलेला शेवट म्हणून सांग, काही हरकत नाही. पण तो ओघळ अम्मीनं ऐकायला हवा.

गफार

* * *

मुरुम,
१६ फेब्रुवारी १९४६
(हरिबाच्याच हाती.)

प्रिय गफार,

काल सांगितला.

घाण्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "चंदाचा आणखी एक शेवट आहे. आमच्या गफार मास्तरांनी रचलेला." अमीनसाहेब खुर्चीत सरळ झाले. त्यांनी पाहिलेला नव्हता ना! आपला हुकलेला शेवट म्हणून कान टवकारून बसले.

मी तुझे शब्द घेतले. माझा एक घातला नाही. ती चढली, पडली, घागर फुटली. जमीनदार डोक्यावरून पाणी घेऊन आला. पाणी ओठाच्या कडेनं गळलं. आणि मी थांबलो. वाजंत्री नाही, काही नाही. गफार, तुझं बरोबर होतं. असं गप्प राहणं मला कुठल्या व्यासपीठावर जमलं नव्हतं. पडद्याआड चाचीचा हुंदका ऐकू आला. साहेबांनी चष्मा काढला.

मग कडूबाई उठली.

"न्हाय," म्हणाली. "आसं न्हाय झालं."

मी म्हणालो, "कडूबाई, हा मास्तरांचा..."

"तुमी गप बसा. मास्तर तिकडं शाळेत ऱ्हातंय, त्येला काय ठावं. ती मेली न्हाय. तिनं घागर ठिवली." आणि तिनं हात डोक्याकडं नेले, नसलेली घागर उचलली आणि खाली ठेवली. तिच्या मागची उठली, तिनं ठेवली. मग तिच्या मागची. घाण्याच्या भिंतीपर्यंत बायका उठत गेल्या. कोणी घोषणा दिली नाही. पुढचा शेवट त्यांनीच सांगितला, एकीनं एक वाक्य, दुसरीनं दुसरं. एकीनं त्यात जमीनदाराची धोतर सावरायची तारांबळ घातली, ती मला सुचली नव्हती. सगळा बाजार हसला.

मी तोंड मिटून उभा होतो. साहेब माझ्याजवळ आले.

"तुम्ही काही बोलला नाहीत ना?"

"नाही, साहेब."

"मग मी कुणाचं नाव लिहू? मुचलका एकट्या तुमचाच आहे." आणि या वेळी खुर्ची स्वतः उचलून गेले.

अंमलदारांच्या तळावर आता पाणी घालायला सरकारी भिस्ती येतो. अप्पांनी पागोटं बांधलं आहे. सगळं नीट झालं म्हणायचं. पण मला चैन नाही. जन्मभर वाटत होतं, की माझ्या बोलण्यानं माणसं उठतील. उठली, आणि मला म्हणाली, तुम्ही गप बसा! हा आनंद आहे की हेवा, ते अजून ठरत नाही. दिवसभर नुसता घरातून अंगणात आणि अंगणातून घरात फिरतो आहे.

तुझा शेवट कसा वाटला, ते चाचीला विचारून आलो. तिचं उत्तर जसंच्या तसं लिहितो; तुझी अटच आहे.

"गफारला लिही, मी लई रडले. पोरानं चांगलं दाखवलं. पर रडून उठलं, की घागर पुन्हा डोक्यावरच असती, बाबा."

तुझा,
पंचाक्षरी